पन्नाशीनंतर जोडीनं सेलिंग शिकायचंय? पुण्यातून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आम्ही दोघं कोथरूडला राहतो, दोघांचीही पन्नाशी मागे पडलीय, आणि शिडाची बोट चालवायला शिकलो हे कळल्यापासून सोसायटीत, टेकडीवर, लग्नाच्या पंक्तीत लोक जे विचारतात त्यातले बरेचसे प्रश्न तेच तेच असतात. ते इथे एका जागी लिहिलेत. उत्तरं आमच्या अनुभवातून आणि आम्हाला शिकवणाऱ्यांकडून आलेली आहेत, आणि ती मुख्यतः पुण्यात राहणाऱ्या, समुद्राशी फारसा संबंध न आलेल्या आपल्या वयाच्या जोड्यांसाठी आहेत.

आम्ही ५५ आणि ५८ वर्षांचे आहोत. आता जमेल का?

जमेल. लहान बोटीवर अंगातल्या ताकदीपेक्षा वेळेवर केलेली हालचाल जास्त लागते, मोठ्या बोटीवर जड दोर ओढायला विंच असते, म्हणजे दांडा फिरवायचा की दोर आवळला जातो. खरी गरज असते ती गुडघ्यांची आणि तोल सांभाळण्याची, कारण बोट वळली की डोकं खाली घालून एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला जाऊन बसायचं असतं आणि हे दर थोड्या वेळानं करावं लागतं. घरी एक साधी चाचणी करून बघा, जमिनीवर बसून फार आधार न घेता उठता येतंय का, स्टुलावर बसलेले असताना चटकन वाकून दुसऱ्या स्टुलावर जाता येतंय का. येत असेल तर निघा. येत नसेल तर आधी दोन-तीन महिने अंग तयार करा, पर्वतीच्या १०३ पायऱ्या रोज चढल्या उतरल्या तरी पायात खूप फरक पडतो.

डॉक्टरांशी मात्र बोला, आणि नुसतं "फिट आहे का" असं न विचारता नेमकं विचारा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डोक्याला लागणं धोक्याचं, आणि बोटीवर बूम नावाचा आडवा दांडा डोक्याच्या उंचीवरून इकडून तिकडे जातो. ब्लडप्रेशरसाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर उन्हात पाणी लवकर कमी होतं. खांदा आखडलेला असेल, हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल, तर ते शिकवणाऱ्यालाही सांगा, लपवू नका. चांगला इन्स्ट्रक्टर त्याप्रमाणे तुम्हाला जागा आणि काम देतो.

पोहता येत नाही. चालेल का?

कीलबोटीवर, म्हणजे खाली जड वजन असलेल्या, सहसा न उलटणाऱ्या बोटीवर, लाइफजॅकेट घालून शिकवतात, तिथे बऱ्याच ठिकाणी पोहता न येणाऱ्यांनाही घेतात. पण माझं मत विचाराल तर आधी पोहायला शिका, दोघांनीही. टिळक टँकला किंवा जवळच्या कुठल्याही तलावावर सकाळची बॅच लावा, ५० मीटर न थांबता आणि पाच मिनिटं नुसतं तरंगणं एवढं जमलं की पुरे. समुद्रात पोहून किनारा गाठावा लागतो म्हणून नाही सांगत मी हे. पाण्याची भीती मनात असेल तर बोट थोडी कलली की माणूस ताठरतो, हातातला दोर सोडायचा तेव्हाच घट्ट धरतो, आणि मग शिकणं होत नाही.

जॅकेटांमध्ये दोन प्रकार असतात ते माहिती करून घ्या. ५० न्यूटनची बॉयन्सी एड ही शुद्धीत असलेल्या, पोहता येणाऱ्या माणसाला तरंगायला मदत करते. १५० न्यूटनचं लाइफजॅकेट बेशुद्ध माणसालाही तोंड वर करून ठेवण्यासाठी बनवलेलं असतं. दोन्ही दिसायला फुगीर आणि भगवी-पिवळी, त्यामुळे नुसतं "जॅकेट आहे ना" यावर समाधान मानू नका, लेबल वाचा.

पुण्यातच शिकता येतं का? खडकवासला आहे की!

खडकवासल्याला शिडाच्या बोटी दिसतात त्या एनडीएच्या, पीकॉक बे मधे कॅडेट्सना सेलिंग शिकवतात, ती जागा लष्करी आहे, आपल्यासाठी नाही. मुळा-मुठेवरचा रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ चा, पण तो मेंबरांचा क्लब आणि नाव रोइंगसाठी. बाकी पवना, मुळशी, पानशेत ही सगळी धरणं आहेत, डोंगरांमधली, तिथला वारा खिंडीतून अचानक येतो आणि दिशा बदलतो, वर मे महिन्यात पाणी इतकं खाली जातं की चिखलातून बोटीपर्यंत जावं लागतं. कुठल्याही जलाशयावर कुणी "या, बोटीत बसवतो, शिकवतो" म्हणालं तर तीन गोष्टी विचारा, परवानगी आहे का, सोबत रेस्क्यू बोट पाण्यात असते का, शिकवणाऱ्याकडे कुठलं सर्टिफिकेट आहे. एका जरी प्रश्नाला गोलमोल उत्तर आलं तरी परत फिरा.

प्रत्यक्षात पुण्याच्या माणसानं शिकायचं ते मुंबईला किंवा गोव्याला. डिंगीसाठी, म्हणजे लहान हलक्या बोटीसाठी, हैदराबादचं हुसेन सागरही चांगलं, तिथे सेलिंगचं वातावरण बरंच जुनं आहे आणि पाणी बंदिस्त. आम्ही मुंबई निवडली कारण शनिवार-रविवार करता येतं. गेटवेच्या समोरचा तो सगळा पट्टा बघितला तर रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ चा आहे, म्हणजे तिथे शिडं फिरतायत त्याला पावणेदोनशे वर्षं होऊन गेली. सकाळी लवकर निघून दुपारच्या वाऱ्याला पोचायचं, मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाण्यात, आणि परत यायला संध्याकाळी ५:१० ची डेक्कन क्वीन. एकाच दिवसात जाऊन येऊन करू नका असं कळकळीनं सांगते, एक्सप्रेसवेवर गाडी चालवून थकलेला माणूस पाण्यावर लक्ष देऊ शकत नाही आणि पाण्यावर थकलेला माणूस परत घाट चढताना गाडी चालवायच्या लायकीचा राहत नाही.

डिंगी घ्यावी की कीलबोट?

डिंगी म्हणजे लहान, हलकी बोट, खाली सेंटरबोर्ड नावाची वर-खाली होणारी फळी, तोल तुमच्या वजनानं सांभाळायचा, चुकलं तर उलटते. एंटरप्राइझ ही दोघांची डिंगी आपल्याकडे बरीच वापरतात, चार मीटरची आहे, १९५६ चं डिझाइन. कीलबोटीला खाली जड कील कायमची बसवलेली असते, उदाहरणार्थ जे-२४ नावाच्या २४ फुटी बोटीच्या कीलमधे साधारण ४३० किलो शिसं असतं, त्यामुळे ती कलते पण परत उभी राहते.

सगळे आपल्या वयाच्या लोकांना सरळ कीलबोट सुचवतात. मी थोडं वेगळं सांगेन. दोघांचे गुडघे आणि पाठ ठीक असेल तर आधी थोडे दिवस डिंगी कराच, कारण डिंगीत वारा काय करतोय हे लगेच अंगाला कळतं, शीड जरा जास्त ओढलं की बोट कलते, जरा सोडलं की सरळ होते. कीलबोट इतकं सहन करून घेते की चुकतंय हेच कळत नाही. पण सांधेदुखी असेल, पाण्यात पडून परत चढणं झेपणार नसेल, तर बिनधास्त कीलबोटीपासून सुरुवात करा, त्यात काही कमीपणा नाही.

नवऱ्याला आधीपासून थोडं येतं. त्यानेच मला शिकवलं तर?

नको. ह्या एका प्रश्नाचं उत्तर मी सगळ्यात ठामपणे देते. (बायकोला आधीपासून येत असेल आणि नवरा नवा असेल तरी हेच.)

ज्याला थोडं येतं तो टिलर धरतो, म्हणजे सुकाणूचा दांडा, आणि दुसऱ्याला सांगतो हे ओढ, ते सोड. दुसरा माणूस सांगितलेलं करत राहतो. अशी कितीही वर्षं गेली तरी त्याला बोट चालवता येत नाही कारण निर्णय त्याने कधी घेतलेलेच नसतात, वारा कुठून आहे हे बघायचं कामच त्याच्यावर कधी पडलेलं नसतं. आणि घरातली सवय बोटीवर येते. घरी जो पटकन बोलतो तो बोटीवरही पटकन बोलतो, जो ऐकून घेतो तो ऐकून घेतो. म्हणून दोघांनी तिसऱ्या माणसाकडून शिकायचं, आणि सुरुवातीला शक्य असेल तर वेगवेगळ्या बोटीत. आम्ही तसंच केलं, मी एका इन्स्ट्रक्टरबरोबर आणि तो दुसऱ्याबरोबर, दोन्ही बोटी एकमेकींच्या नजरेच्या टप्प्यात, आणि संध्याकाळी चहा घेताना दोघांकडेही सांगायला आपापलं काहीतरी होतं. हा चहा मला अजून आवडतो.

एका बोटीत आल्यावर टिलर आणि पुढचं शीड यांची अदलाबदल ठरवून करा, घड्याळ लावून, दर अर्ध्या तासानं. "तुला जमतंय ते तूच कर" असं म्हणायचं नाही, दोघांनीही.

पण भांडणं होतातच ना?

आवाज चढतो हे खरं. त्याचं एक साधं कारण आहे, वाऱ्यात पुढच्या माणसाला मागचं ऐकू जात नाही म्हणून मागचा ओरडतो, आणि पुढच्याला वाटतं हा आपल्यावर खेकसतोय. हे आधीच बोलून ठेवा की पाण्यावर मोठा आवाज म्हणजे राग नाही. आणि शब्द ठरवून घ्या, थोडेच आणि नेहमी तेच. आम्ही बोट वळवताना टिलरवाला "तयार?" विचारतो, पुढचा दोर हातात घेऊन "तयार" म्हणतो, मग टिलरवाला "वळतोय" किंवा "वळतेय" म्हणतो आणि तेव्हाच वळवतो. पुढच्याचं "तयार" आलं नाही तर वळायचं नाही, कितीही घाई असली तरी. "अगं ते घे ना", "अरे तिकडचं" असली वाक्यं बोटीवर निरुपयोगी आहेत, दहा दोर असतात, कुठलं ते?

नांगर टाकताना आणि धक्क्याला लागताना तर हाताच्या खुणाच बऱ्या. पुढे, मागे, थांब, इंजिन न्यूट्रल, एवढ्या चार खुणा घरी गच्चीत उभं राहून पक्क्या करता येतात.

दोघांनीही सगळं शिकायची खरंच गरज आहे का? एकाने चालवावी, दुसऱ्याने मदत करावी.

बोटीवर दोघंच असाल आणि त्यातला चालवणारा पडला, चक्कर आली, हात मोडला, तर उरलेला माणूस त्या क्षणी कॅप्टन होतो. त्याला शीड उतरवता आलं पाहिजे, इंजिन चालू करता आलं पाहिजे, आपण कुठे आहोत ते वाचता आलं पाहिजे, व्हीएचएफ रेडिओवर चॅनल १६ वर मदत मागता आली पाहिजे. कोस्ट गार्डचा १५५४ हा नंबर दोघांच्या फोनमधे हवा, दोघांना पाठही हवा.

माणूस पाण्यात पडला तर काय, हा सराव प्रत्येक कोर्समधे असतो, पण तिथे बोटीवर चार-पाच जण असतात, एक जण पडलेल्याकडे बोट दाखवून नजर न हटवता उभा राहतो, बाकीचे बोट फिरवतात. जोडीनं जाणाऱ्यांकडे हा जास्तीचा माणूस नसतो. त्यामुळे इन्स्ट्रक्टरला सांगून हाच सराव एकट्यानं करायला मागा, इन्स्ट्रक्टर नुसता बसून राहील आणि तुम्ही पाण्यात टाकलेला फेंडर, म्हणजे बोट धक्क्यावर आपटू नये म्हणून लावतात तो फुगा, एकट्यानं परत आणाल. आणि फेंडर उचलणं सोपं असतं. ५५ किलोची बाई ८० किलोचा भिजलेला नवरा नुसत्या हातांनी वर ओढू शकत नाही, कुणीच शकत नाही. शिडी लागते, नाहीतर शीड चढवायचा हॅलयार्ड दोर त्याच्या हार्नेसला, म्हणजे अंगावर बांधलेल्या पट्ट्यांना, अडकवून विंचने उचलावं लागतं. हे शांत पाण्यात एकदा प्रत्यक्ष करून बघा. ते किती अवघड आहे हे कळलं की हार्नेस बांधायचा आळस कायमचा जातो.

जीन सॉक्रेटिस नावाच्या ब्रिटिश बाई आहेत, गणित शिकवायच्या, पन्नाशीच्या आसपास सेलिंग शिकल्या आणि नवऱ्याबरोबर बोटीवर राहायला लागल्या. नवरा २००३ मधे कॅन्सरनं गेला. त्या थांबल्या नाहीत, एकट्या निघाल्या, आणि २०१९ मधे वयाच्या ७७ व्या वर्षी एकटीनं, न थांबता जगाची फेरी पूर्ण केली. मला त्या विक्रमापेक्षा हे महत्त्वाचं वाटतं की नवरा असतानाच त्या बोट चालवायला शिकलेल्या होत्या. आपल्याकडे बघायचं तर नौदलाच्या दिलना आणि रूपा या दोघी अधिकारी तारिणी बोटीवरून ऑक्टोबर २०२४ मधे गोव्याहून निघाल्या आणि मे २०२५ मधे जग फिरून परत आल्या. ५६ फुटी बोट आणि माणसं दोनच, म्हणजे एक झोपलेली असताना दुसरी पूर्ण बोट एकटी बघणार. दोघांची बोट अशीच चालते. दोघांतलं कुणीही एकटं बोट सुखरूप परत आणू शकतं, तेव्हाच ती दोघांची.

वाऱ्याच्या विरुद्ध बोट जाते कशी? हे कधीच कळलं नाही.

सरळ वाऱ्याच्या तोंडावर जातच नाही. वारा जिथून येतोय त्याच्या दोन्ही बाजूंना साधारण ४५-४५ अंशांचा भाग असा असतो की तिथे शीड नुसतं फडफडतं. त्याच्या कडेकडेनं आधी एका बाजूला, मग वळून दुसऱ्या बाजूला असं नागमोडी जायचं, वळण्याला टॅक म्हणतात.

आता तिरकं तरी पुढे कसं जातं? ताणलेल्या शिडाला विमानाच्या पंखासारखा बाक असतो, वारा त्याच्यावरून वळून जाताना शिडाला जोर देतो, पण तो जोर बराचसा आडवा असतो आणि थोडासा पुढे. आडवं जायला कील किंवा सेंटरबोर्ड पाण्यात अडवतं. उरतं ते फक्त पुढे. ओल्या साबणाची वडी दोन बोटांत दाबली की सटकून पुढे जाते, तसं वारा एका बाजूनं आणि पाणी दुसऱ्या बाजूनं दाबतात. म्हणूनच सेंटरबोर्ड खाली करायला विसरलं तर बोट पुढे न जाता आडवी घसरत राहते, कितीही शीड ओढा.

अजून एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर शिडावरचा जोर चौपट होतो. ८ नॉटचा वारा मजेचा, १६ नॉटला तीच बोट पूर्ण वेगळी वागते. नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. त्यामुळे वारा वाढतोय असं वाटायला लागलं की शीड लहान करायचं, त्याला रीफ घेणं म्हणतात, आणि दोघांपैकी एकाला जरी वाटलं तरी घ्यायचं, चर्चा नंतर.

सीझन कुठला?

मुंबईच्या बाजूला ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात बंद, आणि ते बरोबरच आहे. मासेमारीलाही १ जून ते ३१ जुलै बंदी असते, कोळी लोक नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून मगच मनापासून बाहेर पडतात.

शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे घोकलेले असतात ना, ते मुंबईच्या बंदरात रोज बघायला मिळतात. सकाळी जमिनीकडून येणारा हलका मतलई वारा, मग मधे एक वेळ अशी येते की पाणी काचेसारखं आणि शीड लोंबतंय, आणि बाराच्या पुढे वायव्येकडून खारा वारा सुरू होतो, तीन-चारपर्यंत छान भरतो. म्हणून अगदी नवख्यांनी सकाळची बॅच घ्यावी, थोडं यायला लागलं की दुपारची. पुण्यात एप्रिल-मे मधे संध्याकाळी पश्चिमेकडून जी गार झुळूक येते तीही त्याच खाऱ्या वाऱ्याची, घाट चढून आलेली. वेताळ टेकडीवर संध्याकाळी जाणाऱ्या सगळ्यांना ती ओळखीची आहे.

भरती-ओहोटीचं गणित फार अवघड असतं का?

कोकणात लोक पिढ्यानपिढ्या एक सोपा हिशोब करतात, तिथीची पाऊणपट. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारच्या सुमारास भरती, पहाटे आणि दुपारी दोन्ही वेळा. अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते म्हणून हे जमतं. घरातल्या कालनिर्णयावर तिथी बघून अंदाज येतो, बाहेर पडताना मात्र भरतीचं छापील किंवा ॲपमधलं कोष्टकच बघायचं.

मुंबईला अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं आणि ओहोटीला तेवढंच मागे जातं, दुपारी जिथून निघालो तिथे संध्याकाळी चिखल. उथळ पाण्यात कील टेकते. अलिबागजवळच्या खांदेरी बेटावर १६७९ मधे महाराजांच्या माणसांनी इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना जेरीस आणलं त्यातही हाच भाग होता, आपल्या होड्या लहान, उथळ तळाच्या, वारा पडला तर वल्ह्यांवर चालणाऱ्या, त्या जिथून सहज निसटायच्या तिथे मोठं जहाज येऊच शकत नव्हतं. मांडव्याच्या बाजूला सेलिंग करताना खांदेरी-उंदेरी दिसले की मला हे आठवतंच, आणि प्रत्येक वेळी अंगावर काटा येतो.

समुद्रात रस्त्यासारखे नियम असतात?

असतात, आंतरराष्ट्रीय आहेत, १९७२ चे. दोन शिडाच्या बोटी समोरासमोर आल्या तर जिच्या डाव्या बाजूनं वारा येतोय तिने बाजूला व्हायचं. दोघींचा वारा एकाच बाजूचा असेल तर वारा जिथून येतोय त्या बाजूच्या बोटीनं बाजूला व्हायचं. अरुंद चॅनलमधे मोठ्या जहाजाच्या आड यायचं नाही, न्हावा शेव्याला जाणारं कंटेनर जहाज तुमच्यासाठी थांबू शकत नाही, थांबायला त्याला खूप अंतर लागतं. आणि कोळ्यांच्या डोल जाळ्यांचे बोये दिसले की लांबून जा. बोट तर अडकतेच, शिवाय ते कुणाचं तरी पोट आहे.

बोट लागते. उलट्या होतात. काय करू?

सगळ्यात उपयोगी म्हणजे टिलर हातात घेणं, चालवणाऱ्याला कमी लागतं. नजर क्षितिजावर, फोनमधे नाही, खाली केबिनमधे जायचं नाही. आदल्या रात्री नीट झोप, सकाळी हलकं खाणं, पोट रिकामं ठेवायचं नाही. आलेपाक खिशात ठेवा, मला त्याचा खरंच उपयोग होतो. गोळी घ्यायची तर निघायच्या आधी घ्यावी लागते, मळमळायला लागल्यावर पोटात टिकत नाही, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर यातल्या काही गोळ्या चालत नाहीत म्हणून डॉक्टरांना विचारूनच.

कपडे, चष्मा, दागिने, बाथरूम?

पूर्ण बाह्यांचा, लवकर वाळणारा टीशर्ट, हनुवटीखाली बांधता येणारी टोपी, मऊ आणि न घसरणाऱ्या तळव्याचे बूट. चप्पल नाही, ओढणी नाही. अंगठी, बांगड्या, मंगळसूत्र काढून ठेवा, दोरात अंगठी अडकून बोटाला गंभीर इजा होऊ शकते. आमच्या ओळखीतल्या एक काकू मंगळसूत्र काढायला तयार नव्हत्या, त्यांनी ते बंद गळ्याच्या टीशर्टच्या आत घालून वर जॅकेट चढवलं, ते चाललं, पण अंगठ्या काढाच.

प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून पायाखालचं धूसर दिसतं, बोटीवर चढता-उतरताना ते त्रासाचं. लांबचा साधा चष्मा दोरी बांधून वापरा. पोलराइज्ड गॉगलनं पाण्यावरची चमक कमी होऊन वाऱ्याचे पट्टे छान दिसतात, मात्र त्यातून काही स्क्रीन काळ्या दिसतात, हे आधी तपासा.

लहान बोटीवर बाथरूम नसतं. बायका हे विचारायला संकोचतात आणि मग सकाळपासून पाणीच पीत नाहीत. असं करू नका, उन्हात डोकं धरतं, चक्कर येते. निघायच्या आधी जाऊन या, दोन-तीन तासांचं सेशन घ्या, आणि बुक करतानाच किनाऱ्यावर स्वच्छ सोय आहे का ते विचारा. मोठ्या क्रूझिंग बोटींवर पंपाचं टॉयलेट असतं.

डिंगी उलटली तर?

आधी एकमेकांचं डोकं दिसतंय का बघा, हाक मारा. बोट सोडून पोहत जायचं नाही, कधीच नाही, बोट तरंगते आणि लांबून दिसते. मग एक जण सेंटरबोर्डवर वजन टाकून बोट सरळ करतो. दोघांनीही हे करून बघितलेलं असावं. परत बोटीत चढणं आपल्या वयाला सगळ्यात अवघड जातं, मागच्या बाजूला पाय ठेवायला दोराचा फास बांधून घ्या, खूप सोपं होतं.

कुठला कोर्स? सर्टिफिकेट लागतं का?

भारतात या खेळाची राष्ट्रीय संस्था यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडिया. परदेशात चालणाऱ्या कोर्सेसमधे ब्रिटनच्या आरवायएचे, म्हणजे रॉयल यॉटिंग असोसिएशनचे, जास्त माहितीचे आहेत, डिंगीची लेव्हल १ आणि २ प्रत्येकी दोन दिवसांची, क्रूझिंगमधे कॉम्पिटंट क्रू (बोटीवर मदत करणाऱ्याचा) आणि पुढे डे स्किपर (बोट स्वतः चालवणाऱ्याचा) साधारण पाच-पाच दिवसांचे. जोड्यांमधे एक चाल दिसते, नवरा डे स्किपर करतो आणि बायको कॉम्पिटंट क्रूवर थांबते. तसं करू नका. दोघांनी पुढचा कोर्स करा, भले वेगवेगळ्या वर्षी.

खर्च फार येतो का?

स्वस्त नाही. फी विचारताना जीएसटी, बोटीचं भाडं, जॅकेट, वारा नसेल तर सेशन बदलून मिळतं का, हे सगळं लिहून मागा. दोघांच्या फीइतकाच खर्च मुंबईतल्या मुक्कामाचा होऊ शकतो, त्यामुळे नातेवाईकांकडे राहायची सोय असेल तर लाजू नका.

बोट विकत घ्यावी का?

इतक्यात नको. पुण्यात राहून समुद्रातली बोट सांभाळणं म्हणजे पावसाळ्याआधी ती बाहेर काढणं, झाकणं, तळ घासून रंगवणं, आणि त्यासाठी सारख्या फेऱ्या. भाड्यानं मिळतेय तोवर भाड्यानं.

मधल्या दिवसात पुण्यात बसून काय करता येतं?

पुष्कळ. एक दोरीचा तुकडा घ्या आणि टीव्ही बघताना बोलाइन, फिगर एट आणि क्लोव्ह हिच या तीन गाठी डोळे मिटून येईपर्यंत मारा, नंतर एका हातानं. टेकडीवर उभं राहून डोळे मिटा, वारा दोन्ही कानांत सारखा वाजेपर्यंत डोकं फिरवा, तोंड वाऱ्याकडे आलं. मग आकाशातल्या घारींकडे, गच्चीवरच्या झेंड्यांकडे बघून ताडून पहा. रोज हवामान खात्याचा अंदाज वाचून आज मुंबईला वारा किती आणि कुठून हे दोघांनी वेगवेगळं सांगायचं आणि संध्याकाळी बघायचं कुणाचं बरोबर आलं. आमच्याकडे हे अजून चालू आहे.

पुढे ग्रीस, क्रोएशियाला बोट भाड्यानं घेऊन दोघांनीच फिरायचं आहे. शक्य आहे?

शक्य आहे आणि ते स्वप्न ठेवण्यासारखं आहे. क्रोएशियाला स्किपरच्या सर्टिफिकेटबरोबर व्हीएचएफ रेडिओचंही लागतं. ग्रीसमधे स्किपरशिवाय बोटीवर दुसरा एक अनुभवी माणूस असल्याचं लेखी द्यावं लागतं, म्हणजे जोडीतल्या एकालाच येत असेल तर तिथे अडतं. कुठलं सर्टिफिकेट चालेल ते पैसे भरायच्या आधी चार्टर कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्या. पहिल्या वेळी दोघंच जाऊ नका, आठवडाभर स्थानिक स्किपर सोबत घ्या आणि त्याला सांगा की बोट आम्ही चालवणार, तू फक्त बस. तिथे धक्क्याला बोट उलटी मागे घेऊन लावतात, पुढे नांगर टाकून, आपल्याकडे याचा सराव होत नाही, तेवढं त्याच्याकडून नीट शिकून घ्या, दोघांनीही, आळीपाळीनं.